बोडक्याची उंची

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण चौदा वर्षं समुद्रावर नोकरी केली म्हटलं की लोक माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागतात आणि मग मलाच अवघडल्यासारखं होतं. मी कर्जतकडच्या पोशीरचा. आमच्याकडे पाणी म्हणजे लावणीच्या दिवसांत खाचरात पोटरीभर, आणि पावसाळ्यात नदीला जे काही येतं ते काठावरून बघायचं. अशा माणसाने शेहेचाळिसाव्या वर्षी अंदमानातल्या एका बेटावर जाऊन, होडीत तरंगायचं जॅकेट घालून बसून, समुद्रघोड्यांची मापं घेतली. साठाव्या वर्षापर्यंत घेतली. मापं घेण्याशिवाय मला दुसरं काही जमत नव्हतं आणि दुसरं काही कुणी मला करायला सांगितलंही नाही. त्यामुळे नोकरी सुखात झाली.

ज्यांनी समुद्रघोडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा मासा आहे. तोंड घोड्याचं, शेपूट माकडासारखी, अंगावर खवले नाहीत. कातडीखाली हाडांची कडी असतात, एकाखाली एक, मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत. पिल्लू जन्मतं तेव्हा जेवढी कडी असतात तेवढीच म्हातारपणीही असतात. नवं कडं येत नाही, आहे तेच मोठं होत जातं. डोक्यावर हाडाचा छोटा तुरा असतो, त्याला आम्ही मुकुट म्हणायचो. प्रत्येकाचा मुकुट वेगळा, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा. पोहण्यात हा मासा अगदीच कच्चा. उभ्या उभ्या पाठीवरचा पर फडफडवत कसाबसा पुढे सरकतो आणि पाण्याला जरा ओढ आली की शेपटीने गवत धरून बसतो. समुद्राच्या तळाशीही गवत असतं बरं का, आपल्या बांधावर असतं तसं. पोहायची बोंब असलेला आणखी कुणीतरी इथे कामाला आहे हे बघून मला पहिल्याच दिवशी बरं वाटलं होतं.

आणि यांच्यात पोरं नराला होतात. मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी ठेवते, पुढचं सगळं तो बघतो. निवृत्तीनंतर शेलूच्या एका शाळेत मला हे सांगायला बोलावलं होतं. स्टेशनजवळच्या नव्या इमारतींतली पोरं, सगळी धीट. एक मुलगी उठून म्हणाली, "आजोबा, मंग त्याची बायको काय करते?"

मी म्हटलं, "ती रोज सकाळी येऊन त्याला भेटून जाते."

हे खरं आहे. सकाळी मादी नराच्या गवतापाशी येते, दोघांचे रंग उजळतात, दोघं एकच पातं धरून त्याच्याभोवती गोल फिरतात, आणि मग ती आपल्या वाटेने जाते. घरी येऊन मी हे सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, कौतुकाने सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "चौदा वर्षं तुमी तिकडं नि मी हिकडं. मला कोन येत होतं सकाळी भेटायला?"

मागच्या उन्हाळ्यात कळंबच्या बाजूचा एक रिसॉर्टवाला घरी आला. चांगला मुलगा, बोलायला गोड.

"काका, तुमची समुद्रावर वळख हाय म्हनतात. चार घोडे आनून द्या ना. रिसेप्शनला काचेची टाकी लावतोय."

"वाघ आणून देतो, चालेल?"

"काय काका, मस्करी करता."

"मस्करी नाय रं. दोघांना कायदा सारखाच. धरलास तर आत जाशील."

"वीतभर माशाला वाघाचा कायदा?" त्याने डोक्याला हात लावला. मी त्याला सांगितलं की याला जिवंत खाणं लागतं, ते बारीक आणि सारखं लागतं, तुझ्या टाकीत तो आठवडाभरही टिकणार नाही. शेवटी त्याने प्लॅस्टिकचे घोडे लावले आणि मला मुद्दाम बघायला नेलं. खिशात पट्टी ठेवायची सवय अजून गेलेली नाही. मी एक घोडा बाहेर काढायला लावला, मोजला आणि म्हटलं, "एकोणीस सेंटिमीटर. मुकुटासह."

"नि मुकुट सोडून?" त्याने सहज विचारलं.

मी असा काही दचकलो की त्या बिचाऱ्याला कळेना, आपण काय वावगं बोललो. मुकुट धरायचा की सोडायचा, यावरूनच माझी नोकरी जायच्या बेताला आली होती, आणि नोकरीपेक्षाही वाईट म्हणजे एका भल्या बाईची दोन वर्षांची मेहनत माझ्यामुळे पाण्यात चालली होती. तेच सांगायला बसलो आहे.

त्यासाठी आधी भाताकडे यावं लागेल. माझे वडील कर्जतजवळच्या भाताच्या एका प्रयोगशेतात मजूर होते. विसाव्या वर्षी मीही तिथेच लागलो. शेतात भाताच्या वेगवेगळ्या जाती लावलेल्या असत आणि प्रत्येक वाफ्यातल्या ठरावीक रोपांची उंची घ्यायची असे. जमिनीपासून सगळ्यात उंच लोंबीच्या टोकापर्यंत. रोप आडवं पडलं असेल तर हळूच सरळ करून पट्टीला लावायचं. काही जुन्या जातींच्या दाण्याला लांब कुसळ असतं. ते मापात धरायचं नाही, हा तिथला नियम. पहिल्या दिवशी बाबांनी मला वाफ्यात उभं केलं आणि सांगितलं, "कुसळ म्हंजे दाना नाय नि लोंबी बी नाय. ते सोडून मोजायचं. जो कुसळ धरून मोजंल त्याचा आकडा खोटा. ध्यानात ठेव रं."

ठेवलं. पंचवीस वर्षं मी कुसळं सोडून भात मोजला. माझ्या आकड्याला कधी कुणी बोट लावलं नाही. पुढे तिथल्या एका साहेबांना कळलं की अंदमानात समुद्रघोड्यांच्या एका प्रकल्पाला मापं घेणारा माणूस हवा आहे. त्यांनी माझ्यासाठी चिठ्ठी लिहिली: हा माणूस मिलिमीटर सोडत नाही. त्या चिठ्ठीवर मला कंत्राटी नोकरी मिळाली. पोहता येतं का, हे कुणीच विचारलं नाही. आपणहून सांगण्याइतका मी भोळा नव्हतो.

निघताना बाबांनी विचारलं, "माशाला कुसळं असतात का रं?"

"नसतात, बाबा."

बाबांना ही मस्करी फार आवडली. पुढे दर रविवारी दुपारी मी घरी फोन करायचो, आणि पीकपाणी, दुखणीखुपणी झाली की फोन ठेवताना बाबा न चुकता विचारायचे, "कुसळं सोडतोस ना रं?" मी म्हणायचो, "सोडतो, बाबा."

प्रकल्प होता रजनी मॅडमचा. वय अठ्ठावीसच्या आसपास, चष्मा, उन्हाने रापलेल्या. मी पोशीरचा म्हटल्यावर त्या खुर्चीतून उठल्याच. "नेरळजवळचं पोशीर? अहो दादा, मी खालापूरची!" त्यांच्या घरचीही भातशेती. एवढ्या लांब येऊन दोन भातवाले एका होडीत बसणार याचा आम्हा दोघांना मोठा आनंद झाला. एरवी मॅडम अगदी छापील मराठी बोलत. आनंद झाला किंवा राग आला की मात्र त्यांच्या तोंडून खालापूर बाहेर पडे.

त्यांना शोधायचं होतं ते असं: या खाडीत मोकळे राहणारे समुद्रघोडे किती दिवसांत किती वाढतात, आणि वाढताना त्यांच्या अंगाची ठेवण कशी बदलते. काचेच्या टाकीत वाढवलेल्यांची मापं होती. पण टाकीतला मासा आणि समुद्रातला मासा यांत घरचं जेवण आणि खानावळ एवढा फरक. मोकळ्या समुद्रात तोच मासा पुन्हा पुन्हा शोधून मोजावा लागतो. समुद्रघोडा आपली जागा सोडत नाही, म्हणून हे शक्य तरी होतं. पाण्यात उतरायचा जोसेफ. त्याचे आजोबा रांचीकडून मजुरीला त्या बेटावर आले आणि तिथलेच झाले. जोसेफ घोडा अलगद जाळीत घेऊन वर यायचा, मॅडम कातडीखाली रंगाचा बारीक ठिपका सोडायच्या, मी माप घ्यायचो, आणि जोसेफ त्याला जिथून आणला त्याच गवतावर नेऊन सोडायचा. चार हात इकडेतिकडे सोडून चालत नाही. सकाळी भेटायला येणारीची पंचाईत होते.

माप घेण्यात खरी कसोटी शेपटीची. हात ओले हवेत. घोडा बाहेर आला की घाबरून शेपूट गुंडाळतो. ओढून सरळ करायला गेलात तर कडी दुखावतात. आपलं बोट त्याच्या शेपटीला द्यायचं. तो बोट धरतो. एकदा धरलं की जरा निवांत होतो, मग बोट हळूहळू खाली सरकवत न्यायचं, शेपूट आपोआप उलगडत जाते. तेवढ्यात दुसऱ्या हाताने पट्टी लावून आकडा वाचायचा आणि त्याला पाण्यात परत ठेवायचं. पडलेलं भात सरळ करणाऱ्या हाताला हे लगेच जमलं. जोसेफ म्हणायचा, "दादा, आपके हाथ में तो सो जाता है." अशा बोलण्याने माणूस शेफारतो. मीही शेफारलो होतो.

पहिल्या हंगामात आमच्याकडे साधी स्टीलची पट्टी होती. मॅडमनी सांगितलं, "दादा, डोक्याच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत." मी घोडा पट्टीला लावला. डोक्यावर तो हाडाचा तुरा होता. माझ्या अंगठ्याने पट्टीचं शून्य तुऱ्याच्या खाली, डोक्याच्या हाडाशी नेऊन टेकवलं. मी तसं ठरवलं नव्हतं, मनात विचारही आला नाही. पंचवीस वर्षांचा हात, त्याने कुसळ सोडलं. त्या हंगामात आम्ही फक्त उंची आणि वजन घेतलं, आणि ओळख पटावी म्हणून प्रत्येकाच्या डोक्याचा बाजूने फोटो काढला. फोटोत शेजारी पट्टी ठेवायची, ही मॅडमची शिस्त. या शिस्तीने पुढे आम्हाला तारलं.

त्याच हंगामात आम्हाला बोडका भेटला. चांगला मोठा नर, तपकिरी, पण डोक्यावर मुकुटच नाही. खेकड्याने तोडला असेल, की जन्मतःच नसेल, कुणास ठाऊक. डोकं अगदी गुळगुळीत. जोसेफ त्याला वर घेऊन आला आणि हसत सुटला, "दादा, ये तो गंजा है!" मी त्याचं नाव बोडका ठेवलं. वहीत नंबर होता, तोंडात नाव बोडकाच.

मग पावसाळा आला, समुद्र बंद झाला आणि मी लावणीला घरी आलो. परत गेलो तेव्हा मुख्य कचेरीतून मापाची एक नवी पांढरी पाटी आली होती. पाटीवर वरच्या बाजूला आडवी कड, खाली आखलेल्या रेघा. घोडा पाटीवर ठेवायचा, वरची कड त्याला टेकवायची आणि शेपटीचं टोक कुठे येतं ते वाचायचं. फार सोय झाली. आता कडेला सगळ्यात आधी काय टेकणार? मुकुट. म्हणजे या हंगामात मुकुट मापात आला. मागच्या हंगामात नव्हता. मी दोन्ही हंगामांत तितक्याच मन लावून मापं घेतली, आणि माझ्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटाला पहिल्या वर्षाचे अकरा घोडे पुन्हा सापडले होते, सगळे मोठे, पोरंबाळं झालेले. मॅडमनी दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि त्यांचा चेहरा उजळला. दहा घोडे चांगले पाच-सहा मिलिमीटर वाढले होते. वजन मात्र होतं तेवढंच. "दादा, बघितलंत? या वयात वाढ थांबते असं सगळे धरून चालतात. आपले वाढतायत, आनि वाढून सडपातळ होतायत!" म्हातारपणी उंच आणि शेलाटे होणारे घोडे. कुणी ऐकलं नव्हतं असं. आठवड्याभरात दिल्लीहून समिती येणार होती. प्रकल्प आणखी तीन वर्षं चालवायचा की बंद करायचा, ते ती ठरवणार होती. एका मोठ्या संस्थेतल्या जागेसाठीही मॅडमनी याच कामावर अर्ज केला होता. माझं कंत्राट प्रकल्पाला बांधलेलं. शेलाट्या घोड्यांवर आमचं सगळं उभं होतं.

अकरावा बोडका. तो मिलिमीटरभरसुद्धा वाढला नव्हता.

"आजारी असेल," मॅडम म्हणाल्या. "एखादा निघतो असा. त्याला बाजूला ठेवू."

मला ते लागलं. बोडका आजारी? त्या खाडीत त्याच्यासारखा धडधाकट दुसरा नव्हता. पिशवी कधी रिकामी नसायची. पण मापं घेणाऱ्याने मतं देऊ नयेत, म्हणून गप्प बसलो.

त्या रविवारी दुपारी जेवण करून मी नेहमीसारखा घरी फोन लावला. समोर टेबलावर बोडक्याचा फोटो पडला होता. बाबांनी गुडघ्याचं सांगितलं, शेजारच्या गुराचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "बरं, ठेवतो. कुसळं सोडतोस ना रं?"

"सोडतो, बा—"

मी त्या गुळगुळीत डोक्याकडे बघत राहिलो. ज्याला कुसळ नाही तो तेवढाच. ज्यांना कुसळ आहे ते सगळे कुसळाएवढे वाढलेले. बाबा तिकडून विचारत होते, "काय रं? लाईन गेली काय?" मी फोन ठेवला, स्टीलची जुनी पट्टी काढली, फोटोतले मुकुट बघितले. पाच मिलिमीटर. सहा. पाच.

खरं सांगतो, बोलू नये असं मनात आलं. कुणाला कळलं असतं? बोडका बाजूला ठेवलेलाच होता. मॅडमना जागा मिळाली असती, मला तीन वर्षं. सबंध दुपार मी धक्क्यावर बसून स्वतःला हेच पटवत होतो. पटत आलंही होतं. पण मग जगातल्या कुठल्यातरी पुस्तकात छापून आलं असतं की म्हातारे समुद्रघोडे शेलाटे होतात, आणि त्याखाली माझा आकडा. 'त्याचा आकडा खोटा.' बाबांच्या तोंडचं ते वाक्य डोक्यातून जाईना.

सोमवारी सकाळी मॅडम धक्क्यावर आल्या तशा मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "मॅडम, पहिल्या हंगामात मी मुकुट धरला नाही. मुकुटाखालून मोजलं. सगळे."

त्यांनी विचारलं, "का?"

"भाताचं कुसळ धरत नाहीत," मी म्हटलं.

दुसऱ्या कुठल्याही गावच्या मॅडम असत्या तर त्यांना वाटलं असतं की या माणसाला ऊन लागलंय. या खालापूरच्या. त्यांना एका वाक्यात सगळं कळलं. त्या मासळीच्या उलट्या टोपलीवर मटकन बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागल्या, आणि ते आता हसण्याचं पाणी राहिलं नव्हतं हे मलाही दिसलं. मग एकदम उसळल्या. "आनि ह्ये तुमी मला आता सांगताय? गुरवारी समिती येतेय! माझ्या घरात समद्यांना फोन करून सांगितलंय मी!"

मी मान खाली घातली. जोसेफला मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी मोठं झालंय हे कळून त्याने होडीचं इंजिन बंद केलं.

थोड्या वेळाने मॅडमनी चष्मा घातला. "बोडका," त्या म्हणाल्या. "बोडका बरोबर होता." आणि मग, "दादा, काढा सगळे फोटो."

सोमवार, मंगळवार, बुधवार आम्ही तिघांनी खिडकीशी बसून भिंग घेऊन मुकुट मोजले. प्रत्येकाचा मुकुट वेगळा, त्यामुळे सरसकट पाच मिलिमीटर मिळवून भागणार नव्हतं. एकेकाचा फोटो, एकेकाचा आकडा. बुधवारी दुपारी बेरजा झाल्या. अकराही घोडे जिथल्या तिथे. कुणी वाढलं नव्हतं, कुणी शेलाटं झालं नव्हतं. मॅडमनी समितीला दाखवायच्या चित्रांमधून सगळ्यात सुंदर चार चित्रं काढून टाकली. मी बघत होतो. अगदी वाईट वाटत होतं.

समितीत एक वयस्कर साहेब होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मग यात नवीन काय राहिलं?"

मॅडम म्हणाल्या, "इथले मोठे घोडे वाढत नाहीत, हे आता आम्हाला खात्रीने माहीत आहे. आणि आठवड्यापूर्वी आमच्याकडे याच्या उलट उत्तर होतं. चूक ज्यांच्या हातून झाली त्यांनीच ती शोधून सांगितली." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. साहेबांनी मला विचारलं, कशी शोधली? माझ्या तोंडून निघालं, "बोडक्यामुळे, सर." मग त्यांना बोडका कोण ते सांगावं लागलं, फोटो दाखवावा लागला, भातापासून सुरुवात करावी लागली. साहेब आधी हसले, मग त्यांनी तो फोटो हातात घेऊन नीट पाहिला.

प्रकल्प तीनऐवजी एक वर्ष वाढला. पुढे त्याला एकेक वर्ष मिळत गेलं, आणि त्याबरोबर मलाही. मोठ्या संस्थेतली ती जागा मात्र दुसऱ्या कुणाला गेली. मॅडमना तशी जागा मिळायला आणखी चार वर्षं लागली. त्यांनी मला त्यावरून एका शब्दानेही कधी टोचलं नाही. टोचलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या वाढीव वर्षांत आम्ही लहान पिल्लांपासून मापं धरली. डोकं वेगळं, धड वेगळं, शेपूट वेगळी. आणि जे खरोखर बदलतं ते तेव्हा दिसलं. नखाएवढं पिल्लू म्हणजे नुसतं डोकं आणि नळीसारखं तोंड, मागे धाग्यासारखं अंग, अंगावर काटे. मग धड भरतं. मग शेपटीची कडी भराभर मोठी होत जातात, काटे बोथट होतात, आणि ते एवढं मोठं वाटणारं डोकं अंगाला शोभू लागतं. नराची शेपूट जास्त लांब, मादीचं धड. आणि एका वयानंतर सगळं थांबतं. तान्हं पोर आणि तरणा माणूस यांत जसा फरक, तसाच. दहा-बारा वर्षं रोज बघूनही मला त्याचा कंटाळा आला नाही. बोडका तिसऱ्या हंगामात भेटला तेव्हा त्याची पिशवी टम्म फुगली होती, तेवढाच उंच. चौथ्या हंगामात जोसेफ त्याच्या गवतापाशी दोन दिवस शोधत राहिला. मादी सापडली, बोडका नाही. मी होडीत जॅकेट घालून बसलो होतो, आणि मला रडू आलं. एका माशासाठी रडलो असं गावात सांगता येत नाही, म्हणून इथे सांगतो.

एक गोष्ट मी कधीच केली नाही. ही चूक बाबांच्या नियमातून झाली, हे बाबांना सांगितलं नाही. नियम भाताचा होता आणि बरोबर होता. माशाला लावला तो मी. पण त्यांना ते वेगळं करून कळलं नसतं. ते म्हणाले असते, माझ्या शिकवण्याने पोराचं नुकसान झालं. म्हणून दर रविवारी ते विचारत राहिले आणि मी "सोडतो, बाबा" म्हणत राहिलो. आयुष्यात दुसरं खोटं मी इतक्या नियमाने बोललेलो नाही.

गेल्या दिवाळीनंतर रजनी मॅडम माहेरी आल्या होत्या, तिथून गाडी करून पोशीरला आल्या. त्यांचं पुस्तक छापून झालं होतं, त्या खाडीतल्या समुद्रघोड्यांवरचं. सुनंदाने चहा ठेवला. मॅडमनी पिशवीतून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. वर बोडका. तपकिरी, शेपटीने गवताचं पातं धरलेलं, डोकं गुळगुळीत.

बाबा ओट्यावर ऊन खात बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, आता ऐकू कमी येतं, नजर मात्र शाबूत. त्यांनी हात पुढे केला. पुस्तक मांडीवर घेऊन ते चित्र त्यांनी वरून खाली, खालून वर असं दोनदा पाहिलं, वाफ्यातलं रोप पाहावं तसं. मग बोडक्याच्या डोक्यावर बोट ठेवलं.

"हाच का रं तुझा मासा?"

"हाच, बाबा."

"याला तर कुसळच नाय."

"नाय, बाबा."

बाबांनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे परत दिलं. "मंग तू बरोबर मोजला असशील," ते म्हणाले.

"हो बाबा," मी म्हटलं. "याला बरोबर मोजला."